ढेलज शब्दाची चिठ्ठी

कोशकारांनी दार अर्ध्यावरच धरून ठेवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

मुलगी छपराखाली पिशवीशेजारी उभी होती. चार महिन्यांचं बाळ तिच्या खांद्यावर लाळ गाळत होतं.

"दोन वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर जाताना विचारलं होतंस का? मग येताना कशाला विचारतेस?"

"हाकललं त्याने, बाबा."

"छान. दगड तुझा, पायही तुझाच."

आतून आईची पावलं आली. कोशकारांनी नुसती मान वळवली. पावलं थांबली.

वाऱ्याने बाळाचं टोपडं कपाळावर घसरलं. तिने ते सारखं केलं, गाठ पुन्हा बांधली.

"मला नका घेऊ. पण ह्या पिल्लाला ढेलजेत किती वेळ ठेवू?"

दारावरचा हात सुटला.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण. अगदी तसंच."

तिने तसंच म्हटलं, सावकाश. म्हणता म्हणता पिशवीही उचलली.

"वा! ढेलज!" कोशकारांचा चेहरा उजळला. "फारसीतल्या दहलीझवरून आलेला शब्द. मोठं दार आणि घर, यांच्यामधली छपराची जागा. पहारेकरी बसायचे तिथे. पुस्तकातली वाक्यं ढीगभर मिळाली गं, पण सतरा वर्षांत कुणाच्या तोंडून एक नाही! तुला कुठून सुचला?"

"तुमच्याच कोशाच्या चिठ्ठ्या लिहायचे की मी. शाळेतून आले की रोज वीस."

"हो, अक्षर सुरेख होतं तुझं."

त्यांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढून दाराच्या फळीवर टेकवली. कागद फडफडला.

"कोपरा धर जरा."

तिने पिशवी खाली ठेवली, बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बोटाने कोपरा दाबून धरला. शब्द झाला, अर्थ झाला, तिचं वाक्य झालं. शेवटची ओळ उरली. वाक्य कुणाचं आणि ते माणूस आपलं कोण, हे लिहिल्याशिवाय चिठ्ठी खोक्यात टाकायची नाही, हा नियम त्यांनीच तिला सातव्या वर्षी शिकवला होता. एकदा ती विसरली तेव्हा त्यांनी वीसच्या वीस फाडल्या होत्या.

पेन थांबलं. त्यांनी बाळाकडे पाहिलं. बाळ हसलं, कुणाकडे बघूनही हसायचं तसं.

मग त्यांनी लिहिलं : अनोळखी बाई, दाराशी आलेली.

तिचं बोट कागदावरच राहिलं. त्यांनी ते हलकेच उचलून बाजूला केलं, शाईवर फुंकर घातली.

"इथे राहिली तर वाऱ्याने उडून जाईल," असं म्हणत कोशकार चिठ्ठी दोन्ही हातांत जपून आत घेऊन गेले, आणि आतून कडी लागली.