वीस गुणांचा रकाना

पुलाच्या अलीकडे गाडी थांबली की आधी मी खाली उतरायचे. आमचे हे दुधाचे कॅन एकेक करून खाली द्यायचे, मी ते डोक्यावरून पलीकडे न्यायचे आणि सगळे कॅन पार झाले की हे रिकामी गाडी मुंगीच्या पावलानं पुलावरून आणायचे. तोवर माझा जीव टांगणीला. पलीकडे पुन्हा भरायचं नि मैलभरावरची डेअरी गाठायची. ही आमच्या गावाची रीतच आहे. विटा असोत, धान्य असो, नाहीतर दवाखान्यात न्यायची माझी सासू असो, पुलावरून भरली गाडी न्यायची नाही. मधला खांब खालून पोखरलाय, त्याच्या बुडाची चिकणमाती दरसाल हातभर वाहून जाते. निम्मं गाव तर गाड्या अलीकडेच लावतं नि पायी जातं.

या रीतीनंच आमचा घात केला बघा.

गेल्या साली मास्तरांनी नव्या पुलाचा अर्ज भरला. आमच्या मास्तरांना शाळेपेक्षा कागदांचा नाद जास्त. सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर बसवून म्हणाले, "हे बघा, सगळ्या भागाला मिळून रस्ते-पुलांचा निधी एकच. मागणारी गावं चाळीस, पैसा तिघांपुरता. मग निवडायचं कसं? गुण देऊन. पुलाची अवस्था, तीस गुण. वाहनांची वर्दळ, तीस. शाळा-दवाखान्याची गरज, वीस. आणि पाच वर्षांत पुलावर कुणी दगावलं असेल, तर वीस."

"म्हणजे मेलेल्या माणसाचे वीस?" आमचे हे म्हणाले. "आणि जित्याला कुणी दोन देत नाही!"

सगळे पोट धरधरून हसले. मीसुद्धा हसले, जळलं मेलं माझं तोंड.

मग मोजणीवाला आला. पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून, छत्री लावून, मांडीवर वही घेऊन बसला. सात दिवस बसणार होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला पाणी द्यायला गेले नि सहज वहीत डोकावले. पान जवळजवळ कोरं.

"अहो, सकाळपासनं एवढी माणसं गेली की इथनं!"

"ताई, मी चाकं मोजतो. पाय नाही मोजत."

मी तशीच पळत मास्तरांकडे. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अगं, आपण भिऊन पायी जातोय आणि त्यांना दिसतंय की इथं वर्दळच नाही! आता उरलेले पाच दिवस झाडून सगळ्या गाड्या पुलावरून गेल्या पाहिजेत. भरलेल्या."

"आणि पूल बसला म्हणजे?" मी विचारलं.

दुधाची गाडी रोजचीच, तेव्हा आधी ती जाऊ दे, असं ठरलं. ठरवणारे सगळे काठावर उभे राहिले.

आभाळ खाली आलं होतं. पाणी लाल, गढूळ, खांबाला धडका देत होतं. मी यांच्या शेजारी चढून बसले.

"तू उतर," हे म्हणाले. "दोघं गेलो तर आईकडे कोण बघेल?"

"त्यांना विचारूनच आलेय. म्हणाल्या, जा, तू शेजारी असलीस की तो हळू चालवतो."

हे हसले नाहीत. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. पुढची चाकं पुलावर चढली. मागं कॅन एकमेकांवर आपटत होते. मधल्या खांबाशी आलो तेव्हा खालून काहीतरी करकरलं नि पाण्यात दगड पडल्याचा आवाज आला. मी डोळे गच्च मिटले. "बोलत राहा काहीतरी," हे कुजबुजले. पलीकडे पोचलो. मागं वळून पाहिलं, तर मोजणीवाला शांतपणे वहीत एक रेघ ओढत होता.

अशा पाच दिवस रेघा ओढल्या त्यानं. सगळ्या गावाच्या. पाच दिवस आमच्या घरात कुणाला घास गोड लागला नाही.

दोन महिन्यांनी कागद आला. मास्तरांनी ओट्यावर वाचून दाखवला. वर्दळीला तीसपैकी सव्वीस! लोक टाळ्या वाजवायला लागले, तोच मास्तरांचा आवाज बसला. "पुलाची अवस्था. भरलेली वाहने विनाअडथळा ये-जा करताना आढळली, सबब पूल सुस्थितीत. तीसपैकी चार." निवडलेल्या तिसऱ्या गावापेक्षा आम्ही नऊ गुणांनी मागं. पुढच्या साली पुन्हा अर्ज करावा.

"घ्या!" हे म्हणाले. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!"

मास्तर चष्मा पुसत होते. "एक रकाना तेवढा कोरा राहिला," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "त्यात काही पडलं असतं तर..." आणि त्यांनी जीभ चावली.

या वेळी कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते. मग एकाची नजर उठली, दुसऱ्याची उठली आणि झाडाखाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीवर गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो, सगळी आपलीच माणसं. पण हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात झाला होता. नऊ कमी पडतात, वीस मिळतात.

मी उठले. यांच्या खिशातनं गाडीची किल्ली काढून कमरेला खोचली.

"उद्यापासनं दूध डेअरीपर्यंत डोक्यावरून जाईल," मी म्हणाले. आवाज थरथरत होता, थरथरू दे. "ज्याला वीस गुण हवेत त्यानं आपली गाडी काढावी."