विषयाबाहेर

“मेला का तो?” नणंदेने मटार सोलता सोलता तिला विचारलं.

स्क्रीनवरचा मेल तिने पुन्हा वाचला. साहेबांच्या मुलीने मेलिंग लिस्टसाठी पाठवला होता. बाबा काल पहाटे गेले, लिस्टवरच्या सगळ्यांना कळवावं, त्यांचा अर्धा जीव तिथेच होता. विषयाच्या जागी नुसतं ‘बाबा’.

“गेले,” ती म्हणाली.

“गेले म्हणे. माझ्या भावाच्या वेळी त्याने किती मान राखला, ते मी बघितलंय.”

लिस्ट होती प्रयोगशाळांतली उपकरणं सांभाळणाऱ्यांची. तराजू, सूक्ष्मदर्शक, ओव्हन, सेंट्रिफ्यूज. कुणाचं यंत्र अडलं की तो लिहायचा आणि कुठल्यातरी लांबच्या गावाहून कुणीतरी मार्ग सुचवायचं. ती साहेबांनी सुरू केलेली. आलेला प्रत्येक मेल ते आधी वाचत, मगच पुढे सोडत. नियमही त्यांचेच. विषयाचा पहिला शब्द उपकरणाचं नाव हवा. अभिनंदन नको, आभार नकोत, सुखदुःख नको. ‘इथे यंत्रं आजारी पडतात, माणसं नाहीत,’ असं ते म्हणत आणि लोक हसत. एके काळी तीही हसायची.

तिचा नवरा लिस्टवर ‘सेंट्रिफ्यूजवाले’ म्हणूनच ओळखला जाई. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या त्या यंत्राचा आवाज लोक त्याला शब्दांत लिहून पाठवायचे: आधी घुर्र, मग टक. तो उत्तर द्यायचा, ‘घुर्र चालेल, टक बघा.’ तो गेला तेव्हा तिने लिस्टला दोन ओळी लिहिल्या. साहेबांनी त्या परत पाठवल्या. कारणाच्या चौकोनात एकच शब्द होता: विषयाबाहेर.

लांबच्या लोकांना काही कळलंच नाही. ते त्याला प्रश्न विचारत राहिले. उत्तर येईना, तेव्हा एकाने लिहिलं, ‘सेंट्रिफ्यूज: सेंट्रिफ्यूजवाले हल्ली भाव खातात वाटतं.’ तो मेल साहेबांनी सोडला. पहिला शब्द बरोबर होता.

तिने डूख धरला तो त्या दिवशी. पुन्हा दार ठोठावायचं नाही, कुणाला काही सांगायचंही नाही. वरवर तिने काहीच दिसू दिलं नाही. तराजूंबद्दल लिहीत राहिली, विषय बिनचूक. साहेबांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी लिस्टची सूत्रं तिच्याच हाती दिली. तुमच्याइतकं काटेकोर कुणी नाही, म्हणाले. तिने मान डोलावली. वाट बघणं तिला जमत होतं. तराजूवरचा आकडा स्थिर व्हायची वाट बघण्यातच तिची सगळी नोकरी गेली होती.

तिने ‘नामंजूर’ दाबलं. चौकोन उघडला.

“काय लिहिलंस?”

“त्यांचाच शब्द.”

“एवढंच? मी असते तर अजून दोन घातले असते.”

त्या दुपारी दोघी पोटभर जेवल्या. भांडी आवरताना फोन वाजला. साहेबांची मुलगी होती. फोन उचलतानाच तिने वाक्य तयार ठेवलं होतं, नियम सगळ्यांना सारखा. ते बोलायची वेळ आली नाही.

“काकू, मेल परत आला, म्हणून फोन केला,” मुलगी म्हणाली. “बाबा सांगून गेले होते, लिस्टला कळव, आणि परत आला तर समज की मी माणूस बरोबर निवडला. तुमचा तो शब्द वाचला आणि आम्ही रडता रडता हसलो. त्यांना किती बरं वाटलं असतं.”

फोन ठेवून तिने नणंदेला सगळं सांगितलं.

“सुंभ जळला, पण पीळ काही जळला नाही,” नणंद म्हणाली. “मेल्यावरही जिंकला बघ.”

तिने हात पुसले आणि पुन्हा स्क्रीनपुढे जाऊन बसली. नाकारलेले मेल लगेच पुसले जात नसत. तो मेल तिने शोधला. ‘बाबा’ हा विषय होता तसाच ठेवला आणि ‘मंजूर’ दाबलं.

“अगं, हे काय?”

“त्यांचा नियम मोडला, वन्सं. त्यांच्याच नावाने.”

संध्याकाळपर्यंत लिस्टवर झुंबड उडाली. श्रद्धांजल्या, जोडलेले हात, आठवणी, आभार. उपकरणाचं नाव कशातच नव्हतं. एकेक मेल ती पुढे सोडत होती आणि प्रत्येक वेळी साहेबांचा आक्रसलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे येत होता. नणंद खुर्ची ओढून शेजारी बसली होती.

“ही कविता बघ. ‘साहेब’ला ‘गायब’ जुळवलंय. सोड, सोड, ही आधी सोड.”

तेवढ्यात एक लांबचा मेल आला. ओव्हन दुरुस्त करणारे एक जुने गृहस्थ. साहेबांबद्दल चार बऱ्या ओळी होत्या. शेवटी लिहिलं होतं:

‘बाई, इथे आता माणसांबद्दल विचारलेलं चालतं असं दिसतंय, म्हणून धीर करतो. तुमचे मिस्टर कसे आहेत? भाव खातात असं मागे मीच लिहिलं होतं. ते मनाला लावून घेतलं असावं त्यांनी, तेव्हापासून लिहिणंच सोडलं. माझ्या वतीने त्यांची माफी मागाल का?’

नणंदेने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मग ती उत्तर लिहायला बसली. विषयाच्या जागी बोटांनी आपोआप ‘सेंट्रिफ्यूज’ टाइप केलं. ते तिने खोडलं नाही. खाली त्याच जुन्या दोन ओळी लिहिल्या. शोधाव्या लागल्या नाहीत, पाठच होत्या. मेल पाठवला, आणि इतरांच्या मेलसारखाच तोही तिच्यापुढे येऊन थांबला. मंजूर, नामंजूर.

“तुझा मेलही तुलाच विचारतो होय?”

“नियम सगळ्यांना सारखा.”

तिचा हात जागचा हलला नाही. नणंदेने थोडी वाट पाहिली, मग पदराला बोट पुसलं.

“कुठे दाबायचं?” तिने विचारलं.