संध्याकाळपर्यंत सगळ्यांना वाट

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. आता कपाटाच्या खालच्या खणात, तुटक्या चार्जरांच्या गुंत्यात पडून असतो. दोन वर्षं एका घराची राखण माझ्याकडे होती, आणि ती माझ्या हातून झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला बसवलं दादाने. तो वेगळा राहायचा, नेटवर्कची कामं हाच त्याचा धंदा. त्याची आई कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती आणि धाकटी बहीण दिवसभर प्रयोगशाळेत कामाला. कामावरून आईला बघता यावं, तिच्याशी बोलता यावं, म्हणून खोलीच्या भिंतीवर कॅमेरा लावला. त्याला पब्लिक आयपी दिला, म्हणजे जगात कुठूनही थेट गाठता येईल असा पत्ता. म्हणून तर दाराशी माझी फायरवॉल! प्रयोगशाळेतून आणि दादाच्या दुकानातून येईल त्यालाच आत सोडायचं, बाकीच्यांना हाकलायचं. मी रोज शेकडो आगंतुक हाकलायचो. "शाबास, पठ्ठ्या," दादा एकदा म्हणाला. माझा दिवा तसाही हिरवाच असतो, पण त्या दिवशी मला तो जास्त हिरवा वाटला. माझ्या भरवशावर दादाने कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलला नाही.

मग प्रयोगशाळेचं इंटरनेट बदललं, तिथला पत्ताही बदलला, मी धाकटीलाही हाकलू लागलो आणि तिला आई दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरूनच दादाला फोन लावला. तो कुठेतरी शिडीवर होता.

"सध्या सगळ्यांना वाट दे. संध्याकाळी येऊन नीट करतो."

तिने तसं केलं. आई दिसू लागली आणि विषय मिटला. दादा ना त्या संध्याकाळी आला, ना पुढच्या.

अकराव्या दुपारी कोणी परका आला. हुकूम होता, मी वाट दिली आणि वेळ, पत्ता नोंदीत लिहिला. तो कॅमेऱ्यातून आईला म्हणाला, "म्हातारे, ऊठ. चालून दाखव." आणि हसला. मग रोज दुपारी येऊ लागला.

"भिंतीतला माणूस मला ऊठ म्हणतो गं," आई सांगायची.

"घरात कुणी नसतं, आई. गप्प पड बघू."

डॉक्टरांनी वयाचं कारण सांगून गोळ्या दिल्या. आईने सांगणं सोडलं. भिंतीकडे पाठ करून ती पडून राहायची. मला तोंड नाही. मी नुसता लिहीत राहिलो. एका दुपारी ती खरंच उठली आणि पलंगापासून दोन पावलांवर कोसळली. धाकटीने कॅमेऱ्यात पाहिलं तेव्हा सगळं संपलं होतं.

महिन्याने दादा मला काढायला आला. सवयीने त्याने नोंदी उघडल्या. तोच परका पत्ता, दुपारची तीच वेळ, त्रेचाळीस दिवस. त्याने बहिणीला हाक मारून बोलावलं.

"धाकटे, आई खरं सांगत होती."

"मी तिला गप्प पड म्हणाले रे, दादा."

दादाने माझी वायर ओढली.

मित्रांनो, थोड्या वेळापुरतं म्हणून दार उघडलंत, तर ते लावल्याशिवाय जागचे हलू नका. आमच्या नोंदी वाचत जा. आणि घरातलं म्हातारं माणूस पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत असेल, तर एक दुपार त्याच्या खोलीत बसून बघा. त्या घरात तेवढं कुणी केलं नाही.