भिंतीकडे तोंड केलेली ट्यूब

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीची ट्यूब आहे. होते, असे म्हणणे जास्त खरे. कारण आता माझे ओंजळभरच अंग उरले आहे. एक पितळी व्हॉल्व्ह आणि त्याच्याभोवतीचे फाटके रबर. जाफन्याकडच्या नेल्लियडी गावात, मोटारस्टँडवर चहाच्या दुकानाची भिंत आहे, तिथे एका खिळ्याला मी टांगलेली असते. येणारे-जाणारे चहा पिता पिता माझ्याकडे बघतात आणि मला अजूनही मेल्याहून मेल्यासारखे होते.

ट्यूबच्या जातीला तसे कोणी बघत नाही. नाव टायरचे होते, भार आम्ही वाहतो. मी ज्या ऑस्टिन गाडीच्या चाकात बसले, ती माझ्याहून कितीतरी वयस्क होती. अंड्यासारखी गोल, जाड पत्र्याची, चढावर दम लागणारी. तिचा मालक सबारत्नम. जाफन्याच्या त्या सगळ्या भागात जुन्या गाड्यांच्या ट्यूबा त्याच्यासारख्या कोणी बसवत नसे.

मला आत घालण्याआधी त्याने टायरच्या पोटात उघडा तळहात फिरवला. वाळूचा एक कण राहिला तरी तो ट्यूब खातो, असे तो म्हणे. रिमचा गंज घासून काढला. माझ्या अंगाला शंखजिऱ्याची पूड चोळली. आधी थोडीशीच हवा भरली, म्हणजे मी दुमडणार नाही. मग पूर्ण भरली, सगळी सोडली आणि पुन्हा भरली. माझ्या अंगावरच्या सुरकुत्या गेल्या आणि व्हॉल्व्हची मान ताठ उभी राहिली. नव्या नवरीचे तरी कोणी इतके करते का?

स्टँडवरच्या सगळ्यांना तो एकच गोष्ट बजावत असे. रोज सकाळी हवा बघा. हवा कमी पडली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढत नेतो आणि व्हॉल्व्ह मात्र भोकात अडकून राहतो. मान वाकडी होते, मग मुळाशी फाटते. त्या जागी कसलेही ठिगळ टिकत नाही. कोणाच्या चाकाची मान वाकडी दिसली की सबारत्नम चारचौघांत त्याची टर उडवी, आणि माणसे पोट धरून हसत.

मग लढाईची वर्षे आली. दक्षिणेकडून सामान येणे बंद झाले. पेट्रोल चमच्याने मिळू लागले. तेवढे गाडी सुरू करायला घालायचे आणि पुढे घासलेटवर धूर काढत जायचे. चहात साखर नव्हती. ताडगुळाचा खडा दातांत धरून लोक चहा पीत. अशा दिवसांत नवी ट्यूब कुठली? स्टँडवरचे सर्वांत वडील ड्रायव्हर मुत्तुकुमार अय्या यांनी एक कोरी ट्यूब जपून ठेवली होती. ती त्यांनी सगळ्यांसाठी या खिळ्याला टांगली. नियम सबारत्नमने घालून दिला. ज्याचे अडेल त्याने न विचारता न्यावी, आपली ट्यूब दुरुस्त झाली की आणून लावावी. दुकानाला रात्री कुलूप असे, खिळ्याला नसे. तरी ती ट्यूब कधी चोरीला गेली नाही. बाहेरच्याने नेलीच नाही, मित्रांनो, हे सांगताना माझी जीभ अडखळते.

कांद्याचा हंगाम होता. सबारत्नमच्या गाडीला दिवसभर उसंत नव्हती. मागे कांद्याची पोती, पुढे दोन-दोन माणसे. रोज सकाळी तो म्हणे, उद्या बघू हवा. असे पुष्कळ उद्या गेले. माझी मान तिरकी होत होती. पण ट्यूबला तोंड असून बोलता येत नाही. एका दुपारी मी मुळाशी फाटले.

घरी नेऊन त्याने मला बाहेर काढले आणि माझ्याकडे बघत तो कितीतरी वेळ बसून राहिला. नियमाने खिळ्यावरची नेता आली असती, पण मुळाशी फाटलेली ट्यूब कधीच दुरुस्त होत नाही, तेव्हा स्टँडवर जाऊन सांगायचे तर काय सांगणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सगळे हसले असते, आणि ज्यांची त्याने टर उडवली होती ते जास्त हसले असते. ते त्याला सोसवेना. त्याने एक गोल ठिगळ कापले, त्याच्या सवयीप्रमाणे कडा तासून पातळ केल्या आणि जिथे ठिगळ टिकत नाही असे तोच सांगे, तिथेच ते लावले. मला धुतले, शंखजिरे चोळले. जेवणानंतर स्टँड पेंगत असताना त्याने खिळ्यावरची चांगली ट्यूब काढली आणि मला टांगले. व्हॉल्व्हचे तोंड भिंतीकडे करून. "चार दिवसांत बदलतो," तो पुटपुटला. मला म्हणाला की स्वतःला, देव जाणे.

चार दिवसांचा महिना झाला. त्या महिन्यात माझे जितके कौतुक झाले तितके जन्मात झाले नव्हते. पाहुणा आला की लोक मला दाखवत. मुत्तुकुमार अय्या म्हणत, "ती खिळ्यावर आहे म्हणून रात्री डोळा लागतो बघा." वरून इस्त्रीचा सदरा आणि आत फाटका बनियन, असे घालून लग्नात मिरवणाऱ्यासारखी माझी गत झाली. चांगल्या ट्यूबच्या जागी बसून मी तिची स्तुती खात होते. वाटे, खिळा गंजून तुटावा आणि मी चुलीत पडावे.

एके दिवशी तिल्लैनादनने मला उतरवले. हा नवा ड्रायव्हर, लाजरा. शंखजिऱ्याच्या पुडीखालचे ठिगळ त्याला दिसले नाही. त्याची ट्यूब पंक्चर होती आणि सकाळी त्याला पूमणीची मुलगी सिवगौरी हिला परीक्षेसाठी जाफना शहरात पोहोचवायचे होते. पूमणी ताडाच्या पानांच्या टोपल्या विणते. मुलगी एरवी सायकलने गेली असती. पण तिच्या अंगात ताप होता, म्हणून गाडी ठरवली होती. दोन वर्षांचा अभ्यास होता त्या पेपरमागे. तोही घासलेटच्या चिमणीवर केलेला.

शहराच्या वाटेवरचे वल्लैचे माळरान तुम्ही पाहिले नसेल. झाड नाही, घर नाही, नुसता खारा वारा. बरोबर त्याच्या मधोमध मी गेले. मी खूप धरून पाहिले, मित्रांनो. पण ते ठिगळ एका कडेने सुटलेच. चाक रिमवर बसले. सिवगौरी उतरली आणि पुस्तक छातीशी धरून वाऱ्यातून चालू लागली. पुढे कोणा सायकलवाल्याने तिला डबलसीट घेतले. ती पोहोचली तेव्हा शाळेचे दार बंद झाले होते. तिचे एक वर्ष वाया गेले.

दुसऱ्या दिवशी पूमणी स्टँडवर आली. ती भांडली नाही. म्हणाली, "कुणामुळं झालं तेवढं सांगा. मला दुसरं काही नको."

"माझ्यामुळं, आक्का," तिल्लै खाली बघत म्हणाला. "टायर चढवताना लोखंडी पट्टीचं टोक ट्यूबला लागलं असणार. हात बसला नाही अजून माझा."

मुत्तुकुमार अय्यांनी मला उचलून सबारत्नमच्या हातात दिले. "तू बघून सांग. तुझ्या शब्दाबाहेर इथं कोणी नाही."

त्याने माझ्यात हवा भरली आणि मला पाण्याच्या बादलीत बुडवले. व्हॉल्व्हच्या मुळाशी बुडबुडे उठू लागताच त्याने तिथे अंगठा दाबला. बुडबुडे थांबले. सगळे वाकून बघत होते आणि कोणाला काही दिसत नव्हते. त्याचा अंगठा त्याच्याच ठिगळावर होता. हे फक्त त्याला आणि मला ठाऊक होते. आता हा म्हणेल, तिल्लैची पट्टी लागली. सगळे मान डोलावतील. मी लाजेने आणखी काळी कशी होणार? पण झाले.

मग त्याने अंगठा काढला.

"तिल्लै, तुझा हात चांगला आहे," तो म्हणाला. "ही खिळ्यावरची ट्यूब नाही. ही माझी आहे."

बुडबुडे येत राहिले. मुत्तुकुमार अय्या म्हणाले, "मागितली असतीस तर दिली नसती का रे आम्ही?"

"तुम्ही हसला असता, अय्या."

"हसलो असतो. आणि दिली असती."

पूमणीने पदर खोचला आणि निघून गेली. सबारत्नमने तिथेच, सगळ्यांदेखत, आपल्या गाडीचे चाक उघडले. चांगली ट्यूब काढून खिळ्याला लावली, व्हॉल्व्ह रस्त्याकडे करून. त्याची ऑस्टिन कित्येक महिने विटांवर उभी राहिली. मला त्याने कापले. माझ्या अंगाची ठिगळे ज्याला लागतील त्याला दिली. मान तेवढी ठेवली आणि स्वतःच्या हाताने दुसरा खिळा ठोकून टांगली.

पुढच्या वर्षी, गाडी पुन्हा चालू झाल्यावर, तो पूमणीच्या दारात गेला. मी पोहोचवतो म्हणाला. सिवगौरी आतूनच म्हणाली, "नको. माझी सायकल आहे."

तिच्या सायकलचे पंक्चर तिल्लैने काढले होते, माझ्याच पाठीचा तुकडा घासून पातळ करून. रबराचे रबराला कळते, म्हणून पुढचे मला ठाऊक आहे. ती पहाटे निघाली. सबारत्नमची ऑस्टिन लांबून तिच्या मागे चालली होती, घासलेटचा धूर तिच्याकडे जाऊ नये इतकी लांबून. शेजारच्या आसनावर पंप होता. सगळे वल्लै तिने वाऱ्याला तोंड देत पार केले. एकदाही मागे वळून पाहिले नाही. माझा तुकडा चिकटून राहिला. शाळेचे दार उघडे होते. ती आत गेली, तेव्हा सबारत्नमने गाडी वळवली.

ती पास झाली, आता शिकवते. कधी सायकलमध्ये हवा भरायला इथे थांबते. सबारत्नम उकिडवा बसून हवा भरतो. दोघे बोलत नाहीत.

तर मित्रांनो, हवा रोज बघा. आणि कधी बघायची राहिलीच, तर जाऊन सांगा. लोक हसतील. हसू द्या, हसणारेच देतातही. इकडे आलात तर मलाही बघा. माझी मान वाकडी आहे ती आहेच. पण माझे तोंड आता रस्त्याकडे आहे.