रमिलाच्या दोन नोंदी

जिल्हा कार्यालयात सीमाने लॅपटॉप उदेसिंग सरांकडे फिरवला आणि तिनेच बनवलेल्या हजेरीच्या ॲपमधली दोन पानं शेजारी शेजारी उघडली.

"ही शाळेची यादी. यात रमिला पावरा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. आणि हे तिचं स्वतःचं पान. इथं ती वर्गात हजर! सर, नंतर हजेरी बदलता का तुम्ही?"

"ती मंगळवारी आजीकडे परत आली. त्याच दिवशी मी नोंद केली."

असं सगळेच म्हणतात. सीमाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. अकरापैकी सात मुलांचं असंच होतं. खोट्या हजेरीचा अहवाल आज गेला की सरांचा करार संपणार होता.

कार्यालयाचा शिपाई पितांबर दारातून डोकावला. "ताई, धाडी देऊ का अहवाल? साहेब वाट देखी ऱ्हायना."

"थांब जरा."

धडगावहून दोन बस बदलून आलेल्या सरांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली, गणित अडलेल्या पोराजवळ बसायला ओढावी तशी.

"मॅडम, मी हजेरी घेतो तो फोन खिशात ठेवतो. हा करणसिंग दोन्हीकडे हजर आहे. त्याला तुम्हीच गैरहजर करा."

तिने केलं. करणसिंगचं पान बदललं. यादीत मात्र तो हजरच राहिला.

"आता कुणी खोटं लिहिलं?"

सीमाचे कान तापले. सर्व्हरवरून माहिती आणणारा ॲपचा भाग, म्हणजे क्लायंट, स्वतःजवळ एक प्रत ठेवायचा. यादी झटकन उघडावी म्हणून तिनेच त्या माहितीची दुसरी प्रत ॲपच्या सामायिक साठ्यात उतरवून ठेवली होती. नवी नोंद क्लायंटला आणि त्याच्याकडून मुलाच्या पानाला कळायची. साठ्याला ती कुणी कळवतच नव्हतं.

तिने दुसरी प्रत काढून टाकली, यादी थेट क्लायंटकडून घेतली, करणसिंगला पुन्हा हजर केलं. अकराही मुलं जुळली.

"पितांबर, अहवाल जाणार नाही," ती म्हणाली. मग सरांकडे न बघता, "चुकलं माझं."

"चुकतं माणूस." सरांनी पिशवी उचलली. दाराशी थांबले. "ती दुसरी प्रत कधीपासून होती?"

"दिवाळीपासून."

"माझ्या आधी आमच्या शाळेवर रूपसिंग सर होते. डिसेंबरात काढलं त्यांना. तो अहवालही या यादीवरूनच केला होता का?"

सीमाने जुन्या अहवालांचा फोल्डर उघडला. सर परत आले, पिशवी खाली ठेवून बसले.