हिरव्या चुड्याची बाधा

दर गुरुवारी सुपेल्याच्या बाजारात, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. तिथे छायाबाबा बसत आणि रांगेत त्यांचा चेला गोड बोलून घरोघरची चौकशी करी. त्यांच्याकडे म्हणे मंतरलेला मोबाइल होता. बाबा अख्ख्या घराचा एकत्र फोटो काढत, मंत्र पुटपुटत त्यावर बोट फिरवत, डोळे मिटून मोबाइल कपाळाला लावत, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर सारे घरदार काळेपांढरे उमटे. रंग उरे तो एकाच माणसावर. "मशीन झूठ नहीं बोलती," बाबा म्हणत. "जिस पर रंग, उसी पर बाधा." लगेच हॉलभर हात जोडले जात.

सुशीलाबाईंनीही जोडले. त्यांचा अतुल लग्नाला महिना व्हायच्या आत स्कूटरवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. नव्या सुनेचा पायगुण बरा नाही, ही शंका त्यांना आतून पोखरत होती. टीव्हीवर पाहतात तर अतुल करडा, त्या स्वतः करड्या, आणि गीतांजलीच्या मनगटांवर लग्नातला चुडा हिरवागार. बाबांनी निकाल दिला, सुनेला वर्षभर माहेरी ठेवा. गीतांजलीने हात ओढणीखाली लपवले आणि घरी येऊन बॅग भरायला घेतली.

सुशीलाबाईंची मुलगी मृणाल उतईच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने सगळे ऐकून घेतले आणि आईला विचारले, "बाधा वहिनीले आहे का तिच्या बांगड्याइले?"

"तू कावून मधात बोलून राहिली? मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"मंग अजून एकदा पाहू. चुडा तू घाल."

सुशीलाबाई हादरल्या. नव्या नवरीचा चुडा उतरवायचा? सुनेला वर्षभर घराबाहेर काढायला निघालेल्या बाईंना तिच्या बांगड्या काढणे मात्र अशुभ वाटले. शेवटी मृणालने बाजारातून तसाच चुडा आणून आईच्या हातात भरला, आणि वहिनीला हात ओढणीखालीच ठेवायला सांगितले.

पुढच्या गुरुवारी सुशीलाबाई दोघींना घेऊन सुनेला माहेरी धाडण्याआधीचा आशीर्वाद मागायला गेल्या. बसताना मृणालने मेथीची जुडी मांडीवर घेतली. बाबांनी फोटो काढला, डोळे मिटले. टीव्हीवर गीतांजली नखशिखान्त करडी, आणि सुशीलाबाईंची मनगटे हिरवीगार.

बाबांनी डोळे उघडले आणि टीव्हीकडे पाहिले. मग म्हणाले, "बाधा ने जगह बदल ली. अब सास पर है."

"अन् मेथीवरही," मृणाल म्हणाली. जुडी खरोखरच हिरवीगार दिसत होती. "हिलेही माहेरी धाडू का?"

मागून कोणीतरी फिसकन हसले. मृणालने आपल्या मोबाइलवर बाबांचा फोटो घेतला, दोनदा बोट फिरवले आणि सगळ्यांसमोर धरला. हॉल करडा, गर्दी करडी, बाबा तेवढे भगवे. मग तिने वर्गात सांगावे तसे सांगितले. फोटो मुळात रंगीतच असतो. आपण एक रंग निवडायचा, मोबाइल बाकीचे सगळे पुसून टाकतो. भगवा निवडला की बाबा उरतात, हिरवा निवडला की चुडा. कोणता निवडायचा ते कळावे म्हणून तर बाबांचा चेला रांगेतच गोड बोलून विचारून घेतो, घरात नवीन कोण आलं, कोणाशी पटत नाही.

मशीन गरम झाली म्हणत बाबा आतल्या खोलीत गेले, ते मागच्या जिन्याने उतरलेले चेल्यालाही कळले नाही.

सुशीलाबाईंना मात्र हसू येईना. दोन मिनिटेच बाधा त्यांच्या नावावर होती, पण तेवढ्यात शेजारची बाई सरकून बसली होती. आठवडाभर गीतांजलीने हेच सोसले, हे त्यांना आता कळले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी, अतुलची गाडी रस्त्यावरल्या खड्ड्यात गेली होती," त्या म्हणाल्या, "अन् मी तुले दोष देऊन राहिली होती. चुकलं माहं."

रांगेत पुढचा नंबर एका म्हातारीचा होता. तिच्याजवळ लाल स्वेटर घातलेली नात उभी होती. सुशीलाबाई तिच्यापाशी थांबल्या.

"बाई, उद्या दुसरा कोणी असा फोटो दाखवन, तर हात जोडू नका. पहिले सगळ्या रंगाचा फोटो दाखव म्हणा. अन् मंगच आपल्या पोरीकडे बोट करा."

म्हातारीने नातीला जवळ ओढले आणि दोघी जिना उतरू लागल्या.