बाळाबाईचं फुगलेलं दार

मित्रांनो, मला जुना म्हणालात तरी मी रागवायचा नाही. पण भंगार म्हणालात तर आपलं बोलणं बंद. मी सुताराचा रंधा आहे. लाकूड तासून गुळगुळीत करणं हा माझा धंदा. अंग शिसवीचं, पातं पोलादाचं आणि जीभ कशाची, ते तुम्हाला कळेलच.

माझा जन्म चंदगडच्या रानातला. ज्या झाडातून मी निघालो ते इतकं उंच होतं, की गोव्याकडून येणारे ढग त्याच्या फांद्यांत अडकायचे आणि सुटका व्हावी म्हणून सगळं पाणी तिथंच ओतून टाकायचे. चंदगडला एवढा पाऊस का पडतो, याचं खरं कारण हे. शाळेत काहीही शिकवू देत. त्या झाडाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. पण आजही कुणी भिजलेला कोट घालून जवळून गेलं, की माझ्या अंगातली शीर न् शीर जागी होते.

मला घडवलं कोल्हापुरातल्या एका सुतारानं आणि राबवलं तुरुंगातल्या कारखान्यानं. तिथं शिक्षा झालेली माणसं सुतारकाम शिकतात, टेबलं-खुर्च्या करतात. त्यांच्या सुटकेच्या तारखा कागदावर असतात. माझी तारीख कुणी लिहिलीच नव्हती.

एक दिवस तिथं गुंडू आला. तोही चंदगडचाच. बांधाच्या भांडणात त्याच्या काठीनं एक माणूस गेला होता. त्या माणसाबद्दल बोलताना गुंडूचा आवाज आजही खाली जातो, म्हणून इथं मीही थट्टा करणार नाही. शिक्षा अकरा वर्षांची.

सुरुवातीला तो मला उलटा धरायचा. सुतारमास्तर ओरडायचे, "आरं, लाकूड तासायचंय, म्हस न्हाई चोळायची!" तरी गुंडू हटला नाही. कारण त्याची आई, बाळाबाई. एसटीनं भेटायला यायची आणि दर खेपेला जाळीपलीकडून एकच गाऱ्हाणं सांगायची, "गुंडू, घराचं दार पावसानं फुगलंय बग. लागतच न्हाई. गावातला एक बी सुतार हात लावंना. तू शीक, आन येऊन तास."

गुंडूच्या डोळ्यांपुढं मग ते एकच दार. त्याला घर हवं होतं, मला रान. आम्ही दोघांनी लाकडाचे इतके पापुद्रे काढले, की एकापुढं एक ठेवले असते तर थेट चंदगडला पोचले असते. उरलेल्यात गारगोटीपर्यंतचा रस्ताही झाला असता. तिथंच तो दहावी पास झाला, तिथंच तुरुंगाच्या शिक्क्याचा सुतारकामाचा दाखला मिळवला.

पुढं विजेची यंत्रं आली आणि मला मोडीत काढलं. दोन पावसाळे मी फळीवर पडून होतो. गुंडू येता-जाता माझ्यावरची धूळ फुंकायचा, तेवढीच काय ती भेट. पण तो सुटला त्या दिवशी मास्तरांनी मला मोडीतून रीतसर विकत घेतलं आणि त्याच्या पिशवीत घातलं. म्हणाले, "दाखला दावायची लाज वाटली, तर ह्यो दाव."

गुंडू लगेच घरी गेला नाही. "काम लागल्याबिगर चंदगडची यष्टी धरायची न्हाई," त्यानं मला बजावलं. "आईच्या भाकरीवर बसाय आलाय, असं गाव म्हनंल."

हातकणंगल्यात नेमगोंडा शेठांचा फर्निचरचा कारखाना आहे. गुंडू तिथं काम मागायला गेला. शेठांनी विचारलं, "आधी कुठं होतास?"

"कोल्हापुरात, मालक. सरकारी कामाला."

"मग सोडलास का?"

"मुदत सपली."

एक अक्षर खोटं नव्हतं आणि एकही खरं नव्हतं. मी पिशवीत खुश! माझाच चेला. शेठ म्हणाले, "माझ्या घरात नातीच्या अभ्यासाच्या खोलीला दार बसवायचंय. जमलं, तर सोमवारपासनं कारखान्यात ये."

चार दिवस आम्ही सागवान तासलं. दार इतकं गुळगुळीत झालं, की त्यावर बसलेली माशी घसरून पडली आणि लंगडत गेली. शेवटी गुंडूनं दार चौकटीत बसवलं, कडी लावली आणि घाम पुसला.

शेठांबरोबर त्यांच्या पत्नी अंजनाकाकी बघायला आल्या. आत गेल्या, दार ओढलं आणि तिथूनच हसत सुटल्या. "काय वं पावणं, कडी भायेर बशिवलीय की! आमच्या आदितीला अभ्यासाला कोंडून घालायचंय व्हय?"

आदितीही खिदळली. गुंडू मात्र कडीकडं बघतच राहिला. अकरा वर्षं त्यानं कडी बाहेरूनच लागताना पाहिली होती. दाराला दुसरीही बाजू असते, हे त्याचे हात विसरून गेले होते.

शेठ हसता हसता थांबले. "सरकारी काम म्हंजे कुठलं रं?"

गुंडूनं पिशवीच्या तळातून दाखला काढून दोन्ही हातांनी पुढं धरला. "तुरुंगात होतो, मालक. माझ्या हातनं मानूस गेलता. आधी सांगाय पायजे होतं. येतो मी." आणि त्यानं मला पिशवीत टाकलं.

पिशवीच्या भोकातून मी बघत होतो. काकींनी आदितीला जवळ ओढलं. शेठांनी दाखला दोनदा वाचला. मग दारावरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली.

"जायचं तर जा," ते म्हणाले, "पर काम अर्धं टाकून कसा जाशील? कडी काढ. आतनं लाव."

गुंडूनं लावली.

"आता आत जा, आन लागती का बग."

तो आत गेला. दार मिटलं. कडी लागली. मग निघाली. पुन्हा लागली, पुन्हा निघाली. कितीतरी वेळ तोच आवाज. अखेर काकीच म्हणाल्या, "असू दे त्येला. मी चा टाकते. भायेर येईल तवा येईल."

तो बाहेर आला तेव्हा शेठ एवढंच म्हणाले, "सोमवारी ये. आन हितनं पुढं खरं सांगायचं. खोटं बोलाय माझी गिऱ्हाइकं हायती की!"

त्याच रविवारी आम्ही चंदगडची एसटी धरली. बाळाबाई उंबऱ्यावरच बसली होती. मायलेकरांचं काय झालं ते सांगत नाही. पाण्यानं माझं पातं गंजतं. डोळे पुसून गुंडूनं आधी मला बाहेर काढलं. "कुठं आडतंय, आई?"

"तूच बग की," म्हणत ती चुलीकडं वळली.

मी दाराच्या कडेला गाल लावला. मित्रांनो, लाकडाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. दार केसभरही फुगलेलं नव्हतं! गुंडूनं एक बोट लावलं, तर गपकन चौकटीत बसलं. मी जन्मभर थापा मारल्या. पण अकरा वर्षं एकच थाप, तीही लेकाच्या डोळ्यांत बघून? त्या म्हातारीपुढं मी पातं टेकलं.

गुंडू कितीतरी वेळ दाराला हात लावून उभा राहिला. मग त्यानं मला त्या धडधाकट दारावरून एकदाच, हळू फिरवलं. एक पापुद्रा निघाला. "झालं, आई. आता लागतंय."

"लागनारच की," चुलीपासून आवाज आला. "सुतार कुनाचा हाय?"

म्हणून म्हणतो, तुमच्या घरातल्या जुन्या हत्याराला तेलाचा थेंब द्या, आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसाला तासायला एखादं दार. फुगलेलं नसलं, तर फुगलंय म्हणून सांगा. ही थाप मी माफ करतो.

माझं झाड मात्र अजून सापडलेलं नाही. गुंडू गावी निघाला की मी पिशवीच्या भोकाशी येऊन बसतो आणि घाट लागला की वर बघत राहतो, ढग कुठं अडकलेत का.